महिन्याच्या १३ तारखेलाच तारखा का फुटतात? मराठी मजकुरातून तारीख आणि लिंक काढतानाचे घोटाळे

तक्रार साधारण अशी येते: "१२ तारखेपर्यंत सगळं सुरळीत होतं, १३ पासून 'इन्व्हॅलिड डेट' यायला लागलं. सर्व्हरवर काही बदललं का?" सर्व्हरवर काहीही बदललेलं नसतं. दिवस आणि महिना १ तारखेपासूनच उलटे वाचले जात होते. तेरावा महिना नसतो, म्हणून १३ तारखेला ते उघडं पडलं.

हिशेब करून बघा. दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी आहे अशा तारखा वर्षात १४४. त्यातल्या १२ (१/१, २/२ पासून १२/१२ पर्यंत) उलटल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा कसलाही आवाज न करता चुकीच्या होतात आणि २२१ तारखांवर (लीप वर्षात २२२) एरर येते. एरर दिसते म्हणून लोक तिच्यामागे लागतात आणि "एरर आली तर दिवस-महिना उलटा करून पुन्हा बघ" असा तुकडा कोडमध्ये चिकटवतात. मग एरर बंद होते, तक्रारही बंद होते आणि १३२ चुका कायमच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. हा तुकडा तुमच्या कोडमध्ये असेल तर पुढचं वाचण्याआधी तो काढा.

पुण्यातल्या कार्यक्रमांच्या सूचना गोळा करणाऱ्या एखाद्या साइटकडे जसा मजकूर येतो, तसा एक नमुना घेऊ:

"रविवार, दि. ९/६/२०२४ रोजी सायं. ६.३० वा., कोथरूड. नोंदणी एचटीटीपीएस://एक्झाम्पल.कॉम/नोंद/२०२४/०५/२८/फॉर्मवर करावी."

(लिंक इथे देवनागरीत लिहिली आहे, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत असते असं समजा.) या एका ओळीत खरी तारीख एक, तारखेसारखा दिसणारा लिंकचा तुकडा एक, तारखेसारखी दिसणारी वेळ एक आणि लिंकला चिकटलेला विभक्तिप्रत्यय एक. थेट तारखेचा रेजेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र) चालवला तर २८ मे हाती लागण्याची शक्यता चांगलीच. म्हणून क्रम ठरवून घ्या: अदृश्य अक्षरं साफ करा, लिंका बाहेर काढा, अंक बदला, आणि मगच तारीख शोधा. हा क्रम हलवला की प्रत्येक पायरी दुसरीचं काम बिघडवते.

स्ट्रिंगमध्ये नक्की काय आहे ते आधी बघा

स्क्रीनकडे बघून काही कळत नाही. अडलेली स्ट्रिंग पायथनच्या 'एएससीआयआय' फंक्शनमधून छापा किंवा जावास्क्रिप्टमध्ये एकेका अक्षराचा कोडपॉइंट, म्हणजे 'यू+' लावून लिहितात तो युनिकोडमधला क्रमांक, काढा. बहुतेक वेळा यातलं काहीतरी निघतं:

यू+२००बी, म्हणजे शून्य रुंदीची जागा. पायथनचा 'स्ट्रिप' आणि जावास्क्रिप्टचा 'ट्रिम' दोघेही हिला हात लावत नाहीत.

यू+एफईएफएफ, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण, सीएसव्हीच्या पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटलेली. "तारीख नावाचा कॉलम सापडत नाही" ही तक्रार हिच्यामुळेच येते. फाइल 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंगने उघडा.

यू+००ए० आणि यू+२०२एफ, म्हणजे न तुटणाऱ्या जागा. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात पहिली असते. दुसरी वेळ आणि 'पीएम' यांच्या मधे सापडते, व्हॉट्सॲपवरून एक्सपोर्ट केलेल्या गप्पांत विशेषकरून. नमुन्यात साधा स्पेस लिहिला असेल तर जुळत नाही. 'बॅकस्लॅश-एस' लिहिला तर जुळतो.

विसर्ग. हा खास आपला. "वेळः ६ः३०" यात कोलन एकही नाही, दोन्हीकडे यू+०९०३ आहे. दोन अंकांच्या मधला विसर्ग बेलाशक कोलन समजा. "दिनांक", "वेळ", "स्थळ" यांच्या मागचाही. बाकी ठिकाणी सोडून द्या, नाहीतर "दुःख"सुद्धा मोडाल.

शून्य रुंदीचे जोडक, म्हणजे यू+२००सी आणि यू+२००डी, या टप्प्यावर काढू नका. देवनागरी लिंकमध्ये ते पत्त्याचा भाग असू शकतात आणि काढले की लिंक मरते. लिंका बाजूला काढल्यावर उरलेल्या मजकुरातून काढा.

लिंक: कुठे थांबायचं हाच प्रश्न

'एचटीटीपी' पासून पुढचा स्पेस येईपर्यंत सगळं उचला, हा सगळ्यात प्रचलित नमुना. इंग्रजीत तो शेवटच्या टिंबापुरता चुकतो. मराठीत आपण प्रत्यय जोडून लिहितो: "फॉर्मवर", "लिंकला", "डॉट कॉमवरून". प्रत्ययासकट लिंक उचलली जाते आणि क्लिक केल्यावर ४०४, म्हणजे पान सापडत नाही.

उलट, रोमन नसलेलं अक्षर आलं की थांबायचं ठरवलं तर मराठी विकिपीडियाची प्रत्येक लिंक तुटते, कारण तिथे लेखाचं नावच देवनागरीत असतं. व्यवहारात चालणारा नियम असा: तिरप्या रेघांमधला एकेक तुकडा वेगळा बघा. शेवटचा तुकडा रोमन अक्षरांनी सुरू होऊन देवनागरीत संपत असेल आणि ती देवनागरी शेपटी "वर, वरून, ला, चा, ची, चे, च्या, मध्ये, येथे" यांपैकी असेल, तर तेवढी कापा. तुकडा अख्खा देवनागरी असेल तर हात लावू नका. "…/पुणेवर" असं आलं तर 'वर' नावाचा भाग आहे की प्रत्यय, हे यंत्राला ठरवता येणार नाही. अशी लिंक माणसाने बघायला बाजूला ठेवा. प्रत्यय थेट डोमेनला चिकटला असेल तर डोळे मिटून कापा, कारण अर्धा रोमन आणि अर्धा देवनागरी असा टॉप लेव्हल डोमेन (डोमेनचा शेवटचा भाग, 'डॉट कॉम'सारखा) अस्तित्वात नाही. अख्खा देवनागरी मात्र आहे: 'डॉट भारत' २०१४ पासून चालू आहे. डोमेनचा शेवट दोन ते चार रोमन अक्षरांचा असतो असं मानणारे जुने रेजेक्स त्याला नाकारतात.

यापेक्षा चमत्कारिक बिघाड म्हणजे लिंक पहिल्या मात्रेवर तुटणं. "…/पुणे" ची "…/प" होते. पायथनच्या मूळ 'आरई' मॉड्यूलमध्ये 'बॅकस्लॅश-डब्ल्यू' अक्षरं आणि अंक ओळखतो, पण काना, मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्त यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे 'प' जुळतो आणि उकारापाशी शोध थांबतो. जावास्क्रिप्टमध्ये 'बॅकस्लॅश-डब्ल्यू' फक्त रोमन अक्षरं, इंग्रजी अंक आणि अंडरस्कोअर ओळखतो, म्हणून तिथे 'प' सुद्धा मिळत नाही. पायथनमध्ये वेगळं 'रेजेक्स' मॉड्यूल वापरा. जावास्क्रिप्टमध्ये 'यू' फ्लॅग लावून युनिकोडचे 'एल' (अक्षर) आणि 'एम' (चिन्ह) हे दोन्ही गट लिहा. फक्त 'एल' लिहिला तर पुन्हा तेच रडगाणं.

शेवटचं विरामचिन्ह कापताना टिंब, स्वल्पविराम, अर्धविराम, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह आणि दोन्ही जातींचे अवतरण सरसकट कापा. बंद कंस मात्र लिंकमध्ये त्याचा उघडा जोडीदार नसेल तरच. विकिपीडियाच्या बऱ्याच लिंका कंसाने संपतात.

लिंकच्या टक्केवाल्या रूपाचा (जिथे प्रत्येक बाइट टक्का आणि दोन अक्षरांनी लिहितात) एक हिशेब लक्षात असू द्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि प्रत्येक बाइटची टक्क्यासह ३ अक्षरं होतात. "पुणे" ही ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट, म्हणजे ३६ अक्षरं. डेटाबेसचा कॉलम २५५ अक्षरांचा असेल तर डोमेन न धरताही २८ चिन्हांपलीकडे जागा उरत नाही, आणि कापलेली लिंक तिकडीच्या मधोमध तुटली की डिकोड करताना चौकट किंवा प्रश्नचिन्ह येतं. कॉलम टेक्स्ट प्रकारचा करा. डिकोड एकदाच करा. टक्का-२५ म्हणजे स्वतः टक्काच, त्यामुळे दुसऱ्यांदा डिकोड केलं की जो टक्का खरोखर टक्का होता तोही उलगडला जातो.

योजना न लिहिलेल्या लिंका, म्हणजे पुढे 'एचटीटीपीएस' नसलेल्या, पायथनच्या 'यूआरएलपार्स'ला दिल्या तर तो कुरकुर न करता अख्खा पत्ता 'पाथ' मध्ये टाकतो आणि डोमेन रिकामा ठेवतो. जावास्क्रिप्टचा 'यूआरएल' सरळ एरर देतो, ते बरं. अशा लिंका मजकुरात शोधताना टिंबानंतर स्पेस न देण्याची आपली सवय आडवी येते. "कोथरूड.नोंदणी" हेही मग डोमेन वाटतं. टिंबानंतरचा भाग खऱ्या टॉप लेव्हल डोमेनांच्या यादीत असेल तरच लिंक धरा. ही यादी आयएएनए (इंटरनेटवरच्या नावांची नोंद ठेवणारी संस्था) प्रसिद्ध करतं आणि ती बदलत राहते, म्हणून कोडमध्ये हाताने टाइप करून ठेवू नका.

काढलेल्या प्रत्येक लिंकच्या जागी तितक्याच लांबीचे स्पेस भरा. जागा तशीच राहते आणि पुढे तारीख मूळ मजकुरात नक्की कुठे होती ते दाखवता येतं.

अंक

आता, आणि आताच, देवनागरी अंक इंग्रजी करा. ० चा कोडपॉइंट दशमानात २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. प्रत्येक अंकातून २३५८ वजा केले की झालं. हे टाळून चालत नाही. पायथनमध्ये 'बॅकस्लॅश-डी' देवनागरी अंक ओळखतो आणि 'इंट'ही त्यांची संख्या करून देतो, त्यामुळे सगळ्या चाचण्या हिरव्या. तोच रेजेक्स वेबपानावर जावास्क्रिप्टमध्ये नेला की एकही अंक जुळत नाही आणि 'नंबर' हे फंक्शन 'नॅन' (ही संख्या नाही) देतं. पायथनच्या 'स्ट्रपटाइम'च्या अनेक आवृत्त्यांत तर वर्ष देवनागरीत चालतं आणि दिवस अडतो. असल्या अर्धवट मदतीपेक्षा स्वतः केलेलं बरं.

तारीख: अंदाज बांधणारा पार्सर वापरू नका

जावास्क्रिप्टच्या 'डेट'ला तिरप्या रेघेची तारीख दिली की क्रोम आणि नोड ती अमेरिकी पद्धतीने, महिना आधी, वाचतात. वरच्या १३२ तारखांचा उगम हाच.

पायथनच्या 'डेटयुटिल' लायब्ररीचा पार्सरही (मजकुरातून तारीख वाचणारा कोड) मुळात महिना आधी धरतो, पण १३/६ आलं तर गुपचूप उलटतो. म्हणजे 'एरर आली तर उलटा कर' हा तुकडा त्याच्या पोटातच आहे. 'डेफर्स्ट' चालू केलं की भारतीय तारखा सुधारतात, पण २०२४-०६-०९ अशी वर्षाने सुरू होणारी तारीख ९ जूनऐवजी ६ सप्टेंबर होते. दोन्ही रूपं एकाच कॉलममध्ये असतील, आणि असतातच, तर एका बाजूचं नुकसान ठरलेलं. शिवाय तारखेचा एखादा भाग नसेल तर तो आजच्या तारखेतून भरतो. आर्थिक वर्ष "२०११-१२" त्याला दिलं तर डिसेंबर २०११ मिळतो, आणि दिवस आज जो असेल तो.

पांडासने, म्हणजे पायथनच्या टेबलं हाताळणाऱ्या लायब्ररीने, २.० पासून (२०२३) वागणूक बदलली. पहिल्या ओळीवरून नमुना ठरतो आणि न जुळणाऱ्या ओळीवर एरर येते. आधी प्रत्येक ओळीचा वेगळा अंदाज होत असे. अपग्रेडनंतर एरर आल्या म्हणून 'मिक्स्ड' लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. तसं केलं की गाडी पुन्हा जुन्याच रुळावर.

उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक रूपासाठी एक काटेकोर नमुना लिहा. चार अंकांनी सुरुवात असेल तर वर्ष-महिना-दिवस. एक-दोन अंकांनी सुरुवात आणि शेवटी चार अंक असतील तर दिवस-महिना-वर्ष. शब्दातला महिना असेल तर तिसरा नमुना. कशातच बसलं नाही तर रिकामं ठेवा आणि मूळ स्ट्रिंग शेजारच्या कॉलममध्ये जपा. मूळ स्ट्रिंग फेकून देणं ही या सगळ्यातली सर्वांत महाग चूक.

दोन अंकी वर्षाची प्रत्येकाची खिडकी वेगळी. पायथन ६९ ते ९९ ला १९०० चं शतक आणि ०० ते ६८ ला २००० चं शतक देतं. एक्सेलची सीमा २९ आणि ३० च्या मधे. जन्मतारीख "१२/३/६२" पायथनमध्ये २०६२ होते. जन्मतारीख भविष्यात असेल तर १०० वजा करा, एवढा नियम बहुतेकदा पुरतो.

जावात मोठा 'वाय' हे आठवड्याचं वर्ष (तो आठवडा ज्या वर्षात मोजतात ते) आहे, छोटा 'वाय' नेहमीचं. मोठा लिहिला तर ३० डिसेंबर २०२४ छापताना २०२५ साल उमटतं, आणि चूक वर्षातून दोन-चार दिवसच दिसते. 'सिंपलडेटफॉरमॅट' मुळात ढिला आहे: ३१/०२ दिलं तर मार्च देतो. 'सेटलेनियंट' बंद करा. नवीन 'डेटटाइमफॉरमॅटर' तीच तारीख फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसावर आणून ठेवतो. त्याला 'स्ट्रिक्ट' करा आणि तेव्हा वर्षासाठी छोटा 'यू' लिहा.

एक्सेलमधून आलेली फाइल असेल तर कोड बघण्याआधी कॉलम बघा. काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर त्या संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी आहे. उजवीकडच्या एक्सेलने तारीख मानल्या, आणि त्याच उलटलेल्या. डावीकडच्या मजकूर म्हणून राहिल्या, त्या बरोबर आहेत. ४५४४८ असा आकडा आला तर तो ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस: ५ जून २०२४.

शब्दातला महिना

"ऑक्टोबर"चा 'ऑ' तीन तऱ्हांनी टाइप होतो: एकसंध यू+०९११, 'आ' अधिक अर्धचंद्र, किंवा 'अ' अधिक 'ॉ'. पडद्यावर तिन्ही सारखे दिसू शकतात. युनिकोड नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. कोष्टक हातानेच लिहावं लागतं. त्यातच ऑक्टोंबर, सप्टेम्बर, जुलाई, एप्रील हीही रूपं टाका.

शब्दाची सीमा दाखवणारा 'बॅकस्लॅश-बी' इथे गंमत करतो. पायथनला मात्रा अक्षर वाटत नसल्यामुळे "मे" नंतर स्पेस आला तर सीमा दिसत नाही, आणि "मेळावा" मध्ये 'मे' नंतर 'ळ' आला की दिसते. म्हणजे हवं तिथे जुळत नाही, नको तिथे जुळतं. मात्रेने संपणाऱ्या जानेवारी, फेब्रुवारी, मे आणि जुलै या चौघांचं हेच होतं. बाकी आठ महिने साधारण नीट चालतात, म्हणून चाचणी जूनमध्ये केली तर बिघाड सापडत नाही. सीमेऐवजी "पुढे-मागे देवनागरी अक्षर किंवा चिन्ह नसावं" अशी अट लिहा, आणि "जूनला, मेपासून, जुलैपर्यंत" यांसाठी प्रत्ययांना सूट द्या.

'मे'चं दुसरं दुखणं: "मे. अमुक ट्रेडर्स" मधला 'मे.' म्हणजे मेसर्स. आधी १ ते ३१ मधला आकडा आणि नंतर वर्ष किंवा "रोजी" असेल तरच महिना धरा.

सरकारी मजकुरात "ज्येष्ठ १५, शके १९४६" आलं तर १९४६ हे साल नाही. राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार ही ५ जून २०२४. शकात ७८ मिळवा. १ जानेवारीपासून चैत्र १ च्या आदल्या दिवसापर्यंत ७९. "शके" किंवा "शक" शब्द दिसला की चार अंकी आकडा वर्षाच्या नमुन्यातून आधीच बाहेर काढा.

वार ही फुकटची पडताळणी

मराठी सूचनेत वार बहुधा लिहिलेला असतो आणि कोड तो टाकून देतो. नमुन्यातला ९/६/२०२४ हा ९ जून धरला तर रविवार, ६ सप्टेंबर धरला तर शुक्रवार. प्रश्न मिटला. ही कसोटी दरवर्षी ६६ उलट-सुलट जोड्यांपैकी ६० ठिकाणी निकाल देते. ५/९, ७/११ आणि ३/१२ या तीन जोड्यांना दोन्ही अर्थांनी कायम एकच वार येतो. उरलेल्या तीन लीप वर्षानुसार बदलतात. वार जुळत नसेल तर रेकॉर्ड अडवा. मात्र "शनिवारी रात्री १.३० वा." असेल तर दिनदर्शिकेतला वार रविवार असतो, एवढी सवलत ठेवा. आणि "६.३० वा." वेळ म्हणून आधी उचला, म्हणजे तारखेचा टिंबवाला नमुना त्याच्यावर झडप घालणार नाही.

तारीख एक दिवस मागे जाते

जावास्क्रिप्टमध्ये पुण्यातल्या मध्यरात्रीची 'डेट' बनवून 'टूआयएसओस्ट्रिंग' केलं की आदल्या दिवसाचे १८:३० मिळतात, कारण आपण यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे. पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून साठवली की एक दिवस गेला. नुसती तारीख हवी असेल तर 'डेट' वापरूच नका. वर्ष, महिना, दिवस वेगळे घेऊन स्ट्रिंग जोडा. याच भाषेत २०२४-०६-०९ यूटीसी मध्यरात्र समजली जाते, आणि शून्य न लावलेली २०२४-६-९ क्रोम व नोडमध्ये स्थानिक मध्यरात्र. वेळेसह साठवायचं असेल तर झोन "एशिया/कोलकाता" असाच लिहा. 'आयएसटी' हे संक्षेप इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात.

आधीच बिघडलेला डेटा

मूळ स्ट्रिंग जपली असेल तर नवीन पार्सर पुन्हा चालवा. नसेल तर खुणा शोधा. साठवलेल्या तारखांत दिवसाचा सर्वांत मोठा आकडा १२ च असेल, तर उलटलेल्या तारखा आत आल्या आणि १३ नंतरच्या गळाल्या. एका महिन्याच्या नोंदी बारा महिन्यांत विखुरल्या असतील आणि विखुरलेल्या सगळ्यांचा दिवस एकच असेल (जूनच्या नोंदींचा ६), तर 'डेटयुटिल'छाप उलटापालट झाली आहे. तेवढ्याच ओळी परत उलटा. वेळ बरोबर १८:३०:०० असलेल्या ओळी पुण्याच्या मध्यरात्रीच्या आहेत, त्यांत साडेपाच तास मिळवा. दुरुस्तीची क्वेरी चालवण्याआधी टेबलाची प्रत काढा आणि दुरुस्त झालेल्या ओळींवर खूण करणारा एक कॉलम जोडा, कारण तीच क्वेरी चुकून दुसऱ्यांदा चालली की सगळ्या तारखा पुन्हा उलटतात.